दगडातली भोकं

खाणीवर दगड घेताना मी आधी त्यातली भोकं दाखवतो आणि दर पाडतो. आयुष्यभर हेच केलं. काल माझ्या वखारीवर पायऱ्यांसाठी काळा दगड बघायला आलेल्या बाई मात्र त्या भोकांवरून बोट फिरवत राहिल्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या.

"शेठ, हा एकेकाळी लाव्हा होता. खोल जमिनीत त्यात वायू विरघळलेला असतो. वर येताना दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात आणि लाव्हाला वर रेटतात. लाव्हा पातळ असला तर वायू निसटतो आणि तो नुसता वाहतो. घट्ट असला तर वायू कोंडतो आणि डोंगर फुटतो. आपल्याकडचा पातळ होता."

"मग ही भोकं?"

"काही बुडबुडे निघायच्या आत तो थिजला."

मी दिवसातून दहादा खेकसतो, हमालावर, ड्रायव्हरवर. संध्याकाळी मनात काही उरत नाही. पण वडिलांच्या तेराव्याला थोरला भाऊ पाहुण्यांसमोर म्हणाला, "या दगडफोड्याला शेवटच्या पंगतीला बसवा." तेव्हा मी गप्प जेवलो. वीस वर्षं झाली.

बाई दगड निवडत असतानाच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांची वाचा गेलीय. एकदा येऊन जा."

त्या पंगतीचं उत्तर केव्हाचं तयार होतं. पण ज्याला उलट बोलता येत नाही त्याला ते ऐकवायचं कसं, आणि न ऐकवता त्याच्या उशाशी बसायचं तरी कसं? "बघतो," म्हणून मी फोन ठेवला, आणि बाईंशी दोन पायऱ्यांच्या दरावरून कडाकडा भांडलो.