वरकुट्याच्या फोनचा आकडा

भानुदास सरवदेच्या डोक्यात एकशे सदतीस घरांची कुलपं होती, आणि त्यातलं एकही त्यानं मागून घेतलेलं नव्हतं.

तो टेलिफोन खात्यात लाईनमन. राहायला इंदापुरात, मूळचा बारामतीजवळच्या पिंपळीचा. सत्त्याण्णव सालापर्यंत तालुक्यातल्या बऱ्याच बागायतदारांच्या बैठकीत क्रोशाच्या रुमालाखाली फोन येऊन बसला होता. फोन आला तशी फोन करणारी माणसंही आली. "एकच मिनिट" म्हणत यायची आणि मुंबईच्या भाच्याशी अर्धा तास बोलून, वर पाणी पिऊन जायची. त्यावर खात्यानं तोड काढली होती. चार आकड्यांचा गुप्त नंबर ठरवायचा, तो दाबून बाहेरगावचा फोन बंद ठेवायचा आणि लागेल तेव्हा तोच दाबून उघडायचा. नंबर बदलायचा झाला तर आधी जुना आकडा, मग नवा, मग खात्रीसाठी परत नवा. कानात लांब सूर आला की काम झालं.

इतकं सोपं होतं. पण बटण चुकलं तर फोन कायमचा मरतो, अशी समजूत कुणी पसरवली होती देव जाणे. त्यामुळं प्रत्येक घर आपला गुप्त आकडा लाईनमनच्या कानात सांगायचं, त्यालाच दाबायला लावायचं आणि वर बजावायचं, "भानुदास, कुनाला सांगायचं न्हाय बरं का." कुणी ट्रॅक्टरचा नंबर ठेवायचा, कुणी कारखान्याचा सभासद नंबर. भानुदासच्या स्वतःच्या वस्तीत तर निम्म्या घरांचा आकडा एकच होता, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचं साल, एकोणीसशे छप्पन्न. तिथं कुलूप असून नसल्यासारखंच होतं.

आकडे विसरायचे म्हटले की जास्तच घट्ट बसायचे. सायकल मारताना, भाकरी मोडताना तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. त्याची बायको तुळसा म्हणायची, "दुसऱ्याची कुलपं संभाळायचा पगार येगळा मिळतो व्हय तुमाला?"

पगार नव्हता, पण दुसरं काही होतं. त्याचे वडील गेणबा आयुष्यभर असल्याच घरांच्या शेतावर राबले, आणि कुठल्याही घरात अंगणाच्या पुढं गेले नाहीत. फोन मात्र बैठकीत ठेवलेला असायचा, आणि फोनपाशी जायचं तर उंबरा ओलांडावाच लागायचा. भानुदास आत जायचा. त्याला खुर्ची सरकवली जायची. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, कुणाचं मन एका रात्रीत मोठं झालं नव्हतं. फोन आत होता म्हणून तो आत होता, एवढंच. तरी त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा होता असं मी तरी म्हणणार नाही.

वरकुट्याचे आबासाहेब म्हणजे गावातलं वजनदार घर. त्यांचा फोन वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या नावावर होता. आप्पासाहेब जाऊन वर्ष झालं तेव्हा आबासाहेबांनी अर्ज करून फोन आपल्या नावावर करून घेतला, आणि नाव बदललं त्याच दिवशी आकडाही बदलायला भानुदासला बोलावलं. मुलगा रणजित आठवडाभर सोमेश्वरनगरला कारखान्याच्या नोकरीत असायचा, त्यालासुद्धा आकडा सांगायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. घरात दुसरं माणूस म्हणजे सून राजेश्वरी. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून कोथिंबीर निवडत होती.

भानुदासला एक खोड होती. खात्यात लागल्यावर तो बारामतीला, हातानं फोन जोडून द्यायच्या जुन्या बोर्डावर होता. तिथं मागितलेला नंबर मोठ्यानं परत म्हणायचा नियम होता. बोर्ड गेला, सवय राहिली. आबासाहेबांनी कानात सांगितलेला आकडा बटणं दाबताना त्यानं एकेक करून मोठ्यानं म्हटला, एकदा नव्हे, दोनदा. बाहेरचं कुणी आसपास नाही ना, एवढं दोघांनीही आधी पाहिलं होतं. सून ऐकतेय म्हणजे कुणीतरी ऐकतंय, हे आबासाहेबांच्या ध्यानात आलं नाही आणि भानुदासच्याही नाही.

दोन महिन्यांनी भलं मोठं बिल आलं आणि आबासाहेबांचा निरोप आला. ते बैठकीत येरझाऱ्या घालत होते. या वेळी खुर्ची सरकली नाही.

"ह्यो आकडा दोगांनाच ठावं," ते म्हणाले. "मला आन तुला. मी काय बाहेरगावी एवढं बोललो न्हाय."

"मी कशाला बोलंन, आबासाहेब?"

"तू खांबावर चडतो. तारंला चिमटं लावून बोलता येतं तुमास्नी, मी बगितलंय. माज्या तारंवनं कुनाशी बोलतो, ते सांग."

लाईनमनला खांबावरून तसं बोलता येतं, हे खरंच होतं. त्यानं तसं कधी केलं नव्हतं, पण न केल्याचा पुरावा माणूस आणणार कुठून? तो तडक ऑफिसात गेला आणि त्या फोनची बाहेरगावच्या कॉलची यादी काढून पाहिली. सगळे कॉल एकाच नंबरला लागलेले होते. तासगाव. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दुपारी, आबासाहेब मळ्यात असायचे त्या वेळेला.

तासगाव म्हणजे राजेश्वरीचं माहेर. लग्नात मानपानावरून तंटा झाला होता, आणि त्या घराशी आपल्या घरातलं कुणी बोलणार नाही असं आबासाहेबांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. ही हकीगत भानुदासला त्यांनी स्वतःच चहा पिता पिता ऐकवलेली. सून आईशी बोलत होती, आणि त्यासाठी लागणारा आकडा भानुदासच्या तोंडातूनच तिच्या कानी गेला होता.

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. "अर्ज करा आबासाहेब, दोन दिवसांत यादी मिळती." एवढ्यानं तो मोकळा होणार होता आणि ती अडकणार होती. वाक्य जिभेवर घेऊन तो वरकुट्याला गेला आणि तसंच गिळून बसला.

आबासाहेबांना यादी असते हे माहीत नव्हतं, पण इलाज त्यांनी काढला होता. भानुदासकडूनच त्यांनी फोनला लांब वायर जोडून घेतली आणि फोन ओट्यावर आणला.

"आत यायचं काम न्हाय," ते म्हणाले. "आन बटनं मी दाबनार. तू नुसतं सांग."

भानुदास पायरीवर उभं राहून सांगू लागला. आबासाहेबांचा चष्मा जुना, बोटं जाड. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा फोन मरायचा या भीतीनं त्यांनी हात मागं घेतला आणि हाक मारली, "सूनबाई!"

राजेश्वरी पदर सावरत आली. आबासाहेबांनी जुना आणि नवा आकडा चिठ्ठीवर लिहून ती तिच्या हातात दिली आणि भानुदासला म्हणाले, "तू तोंड तिकडं कर."

भानुदासनं तोंड उसाकडं केलं. ज्याच्यापासून आकडा लपवायचा त्याला पाठमोरा उभा करून, जी फोन करत होती तिच्याच हातात आकडा. त्याला हसूही येत होतं आणि अंगाचा तिळपापडही होत होता. मागून तिचा आवाज आला, बारीक, थोडा कापरा, "आता काय दाबायचं, भानुदासभाऊ?"

"तोच आकडा परत एकदा, वहिनी."

सूर आला. आबासाहेबांनी चिठ्ठी फाडून टाकली. "घरचा आकडा आता घरात ऱ्हाईल," ते म्हणाले.

परतताना भानुदासनं हिशेब मांडला तो असा, की आता राजेश्वरी परत फोन करेल, कारण आकडा तिच्या हातात आहे. दोन महिन्यांनी बिल येईल. तेव्हा आबासाहेबांना कळेल की भानुदासला आकडा ठाऊक नसतानाही फोन होतात, म्हणजे चोर तो नव्हे. तिचं नावही घ्यावं लागणार नाही. पुढं तिचं काय होईल, तिथपर्यंत त्यानं विचार केला नव्हता, आणि ही गोष्ट त्याची त्यालाच नंतर फार टोचली.

पण तिचा फोन काही होईना. आठवड्याला तो यादी बघायचा. कोरी. पुढच्या आठवड्याला परत कोरी. त्याला चैन पडेना. चहा निवून जायचा, सायकलची चेन दोनदा तपासायचा, घरी आला की लगेच बाहेर जायचा. दरम्यान बातमी वरकुट्याहून निघून आजूबाजूच्या गावांत पोचली होती. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. फक्त एका घरात "हितंच थांब, फोन भायेर आनतो" झालं, मग दुसऱ्या घरात झालं, मग वायर लांब करून घ्यायची टूमच निघाली. त्या सगळ्या वायरी जोडायचं काम अर्थातच भानुदासचं. आपल्याला बाहेर ठेवणारी वायर तो आपल्याच हातानं, नीट टाचून, पक्की बसवून देत होता.

"खरं काय ते बोलून टाका," तुळसा म्हणाली. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं.

"मग त्या पोरीचं काय?"

"आन तुमचं काय?"

एक दिवस आबासाहेबांच्या घरासमोरच्या खांबावर चढून त्यानं तारेला चिमटे लावलेदेखील. तासगावला आपणच एक फोन लावला तर यादीत दिसेल, बिलात दिसेल, आणि आपण सुटू. कानात सूर वाजत होता आणि त्याला भान आलं, की नवा आकडा आपल्याला माहीतच नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा त्याला हवा होता आणि तोच डोक्यात नव्हता. शिवाय जी चोरी केली नाही ती सिद्ध करायला आपण तीच चोरी करायला निघालोय, हे लक्षात आलं तसा तो शरमून खाली उतरला.

शेवटी त्यानं तिलाच विचारायचं ठरवलं. राजेश्वरी परसात धुणं वाळत घालत होती. त्यानं कुंपणापाशी सायकल उभी केली.

"वहिनी, फोन बरा चालतोय ना?"

"चालतोय की."

"तासगाव लागतंय का?"

तिच्या हातातलं लुगडं खाली पडलं. चेहरा पांढराफटक झाला. लुगडं तसंच मातीत सोडून ती आत निघून गेली. तिला एक फोन करा म्हणून विनवायला आलेला भानुदास, धमकी देऊन गेल्यासारखा सायकल ढकलत निघाला.

दुसरं बिल आलं. आबासाहेब ते घेऊन थेट ऑफिसात आले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "बगा. आकडा बदलला आन फोन बंद झालं. आता आनकी काय पुरावा पायजे?"

सगळ्यांनी भानुदासकडं पाहिलं. या वेळी यादीचं बोलून टाकावं असं त्याच्या मनात आलं, अगदी ओठावर आलं. मग मातीत पडलेलं लुगडं डोळ्यांपुढं आलं आणि तो खाली बघत उभा राहिला. त्या बघण्याचा अर्थ लोकांनी त्यांना हवा तसा लावला. साहेब माणूस वाईट नव्हता. चौकशी लावून यादी काढली तर नोकरीवर येईल, म्हणून त्यानं ती न काढताच बारामतीला बदली सुचवली, सामानाच्या गोदामात. तिथं तारांची भेंडोळी मोजायची. कुणाच्या घरी जायचं काम नाही.

बदलीच्या पहिल्या दिवशी तो इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत उभा होता. पलीकडच्या बाकावर राजेश्वरी बसली होती, पायाशी पिशवी. तिचा भाऊ समोरासमोर येऊन आबासाहेबांच्या पाया पडला होता, तेव्हा कुठं चार दिवसांची परवानगी मिळाली होती. भाऊ चौकशीच्या खिडकीपाशी गेलेला. तिनं भानुदासला पाहिलं आणि उठून जवळ आली.

"भाऊ, तुमी त्या दिवशी तासगावचं इचारलं, तवाच मला कळलं, तुमच्या गळ्याशी आलंय," ती म्हणाली. "आकडा बदलला तवाच मी भ्याले हुते. पन तुमी इचारल्यावर तर ठरवूनच टाकलं. दोन म्हयने एक फोन केला न्हाय. आईला वाटलं, पोरगी पार इसरली. ती रुसून बसलीया, बोलंल का न्हाय ठावं न्हाय. पन म्हनलं, माज्यापायी तुमच्यावर परत बालंट नको."

गाडी आली का बघायचं भानुदास विसरून गेला.

"लई वाटायचं, फोन उचलावा," ती म्हणाली. "आकडा तर पाठच हुता. पन तुमी माजं नाव घेतलं न्हाय, मग मलाबी एवढं करायलाच पायजे हुतं. आता मिटलं ना सगळं?"

तिच्या एका फोननं तो सुटला असता. हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तशी वाक्यं त्यानं गेल्या दोन महिन्यांत बरीच गिळली होती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. आईचा रुसवा पत्करून केलेलं ते वाया गेलं नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"मिटलं, वहिनी," तो म्हणाला. "तुमच्यामुळंच मिटलं."

ती हसली, हात जोडले आणि भावाकडं निघून गेली. बारामतीची गाडी लागली तशी गर्दी दाराकडं धावली. भानुदास सगळ्यांच्या मागून चढला आणि उभ्यानंच निघाला.