साडूभाऊंनी मागं ठेवलेली ओळ

आमच्या साडूभाऊंइतका घाबरट माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि त्यांनी एका सकाळी जे धाडस केलं, तेवढं मला या जन्मात जमणार नाही, हेही त्याच शपथेवर सांगेन. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला ‘सर’ म्हणतात, आणि मी त्यांना साडूभाऊच म्हणतो. हिंगोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख आहेत. विभागात दुसरं कुणी नाही, त्यामुळं काळजीसुद्धा त्यांना एकट्यालाच करावी लागते.

ही काळजी ते फक्त नोकरीच्या वेळेत करतात असं समजू नका. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं नांदेडहून एसटीनं परत येत होतो. वारंगा फाट्याला गाडी चहाला थांबली. सगळे उतरले, साडूभाऊ उतरेनात. गाडी आपल्याला सोडून निघून जाईल ही एक भीती. पण बायकामुलं खाली राहतील आणि गाडी आपल्याला घेऊन निघून जाईल, ही त्याहून मोठी. शेवटी ते एक पाय गाडीच्या पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभे राहिले. मी त्यांना तिथंच कप नेऊन दिला. त्यांनी चहा कंडक्टरकडं बघत प्यायला. कंडक्टर बिचारा लघवीला निघाला तरी हे विचारत, “येऊन राहिले ना परत?”

कुठल्याही गोष्टीची दुसरी प्रत ठेवायची ही त्यांची सवय, पण नुसत्या प्रतीवर त्यांचा विश्वास नाही. घराची जास्तीची किल्ली करून आणली, तेव्हा ती चालते का हे बघायला त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मूळ किल्ली आत ठेवली आणि ओढून घेतल्यावर आपोआप बंद होणारं दार ओढून घेतलं. नवी किल्ली कुलपात अर्धीच गेली. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, पीठ लागलेल्या हातांनी शेजारणीच्या ओट्यावर बसून राहिली आणि गॅसवरचा भात आत करपला. साडूभाऊ मात्र समाधानानं म्हणाले, “बघा, आजच कळलं. काढलेली प्रत लावून बघितली न्हाई तर ती काढलीच न्हाई म्हणायचं.”

आम्ही घर बदललं तेव्हा सामान हलवायची सूत्रं त्यांनी न विचारता हाती घेतली. काय न्यायचं याच्यापेक्षा काय न्यायचं नाही याचा विचार ते फार बारकाईनं करतात. माझ्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांनी गाडीत चढूच दिले नाहीत. हमाल भांडी घेऊन नव्या घरात शिरले, तर हे दारात आडवे. “आधी मांडणी येऊ द्या. मांडणीच न्हाई तर भांडी ठेवता कशावर?” मांडणी दुसऱ्या खेपेला येणार होती. तोवर हमाल डोक्यावर हंडे-पातेली घेऊन उन्हात उभे राहिले आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघू लागले, की मी सरळ आत जाऊन पंखा लावून बसलो. साडूभाऊंच्या पोटापाण्याचं काम नेमकं हेच आहे, हे मला पुढं पुसेगावच्या वेळी कळलं.

त्यांच्या दवाखान्यानं पुसेगावला डायलिसिसचं नवं केंद्र काढायचं ठरवलं. सेनगाव तालुक्यातल्या ज्या पेशंटना आठवड्यातून दोन-तीनदा हिंगोलीला यावं लागायचं, त्यांची तकलीफ वाचणार होती. मशीनं आली, खुर्च्या आल्या, उद्घाटनाची तारीख ठरली. राहिली फक्त पेशंटची माहिती. ती हिंगोलीच्या सर्व्हरवर मोठमोठ्या तक्त्यांत भरलेली होती. या तक्त्यांना ते टेबल म्हणतात. एका टेबलात पेशंटची नावं, दुसऱ्यात तपासण्या, तिसऱ्यात डॉक्टरांच्या सूचना. सगळ्यांत अवाढव्य टेबल मशीनचं होतं. पेशंट मशीनवर असेपर्यंत दर थोड्या वेळानं त्याचा रक्तदाब वगैरे त्या टेबलात एकेक ओळ होऊन पडायचा, आणि असं कित्येक वर्षं चाललेलं.

मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर आला आणि म्हणाला, सगळंच्या सगळं उचलून नेऊ. त्यानं भर दुपारी ते काम सुरू केलं. नर्सबाईंच्या संगणकांचे पडदे जागच्या जागी थिजले, मोठे डॉक्टर ओरडत खाली आले, तेवढ्यात लाइट गेली आणि अर्धवट भरलेली फाइल कुठल्याच कामाची राहिली नाही. इंजिनिअर दुसऱ्या गावी काम आहे म्हणून निघून गेला. मोठे डॉक्टर साडूभाऊंना म्हणाले, “आता तुम्हीच बघा.” त्या दिवसापासून साडूभाऊंचं जेवण कमी झालं, असं आक्का सांगायची.

त्यांनी काय केलं ते मला त्यांनीच समजावून सांगितलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. सगळं न्यायचंच नाही. फक्त सेनगाव तालुक्यातले पेशंट निवडायचे. पण निवडायचे कसे, तर गावावरून, आणि भरणाऱ्यांनी साखरा हे एकच गाव साखरा, साखरे, साकरा असं मनाला येईल तसं लिहिलेलं. साडूभाऊंनी प्रत्येक गावाची अशी सगळी रूपं हुडकून काढली. मशीनच्या टेबलातलं फक्त गेल्या वर्षभरातलं घ्यायचं, तेही एकेका महिन्याचा तुकडा करून. म्हणजे मध्येच लाइट गेली तर तेवढाच तुकडा पुन्हा काढायचा, आणि नर्सबाईंचं कामही अडत नाही. तिकडं भरताना आधी नावं भरायची, मग त्या नावांच्या तपासण्या. नावच नसेल तर तपासणी कुणाच्या खात्यावर घालणार? शोधायला सोपं जावं म्हणून टेबलाला जो इंडेक्स असतो, तो आधीपासून ठेवला तर प्रत्येक ओळीला खोळंबा होतो, म्हणून तो सगळं आत गेल्यावर एकदाच बांधायचा. असं करत त्यांनी ते अजस्र काम उद्घाटनाच्या आधी पुरं केलं. इकडून निघालेल्या ओळी आणि तिकडं पोचलेल्या ओळी मोजल्या. आकडे जुळले. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली.

“मग आता तरी जेवा,” मी म्हणालो.

“आकडे बराबर आले म्हणजे काम बराबर झालं असं न्हाई, सर,” ते म्हणाले. “कायतरी राहिलंय. काय ते ध्यानात येऊन न्हाई राहिलं.”

आम्ही सगळे हसलो. त्यांचं कायम काहीतरी राहिलेलंच असतं.

उद्घाटनाच्या सकाळी ते माझ्याकडं आले. माझ्या मोटारसायकलवरून आम्ही पुसेगावला जाणार होतो. बायकोनं दोघांना फोडणीच्या मुरमुऱ्यांची सुशीला वाढली आणि माझ्या गोळ्यांची पुडी खिशात घालता घालता सवयीनं बजावलं, “तिकडं डोकं दुखलं आणि कुणी गोळी दिली तर ‘मला ती अंगावर उठते’ असं आधी सांगा. तुम्ही विसरता.”

“अगं, किती वर्षांपूर्वीची गोष्ट ती,” मी म्हणालो.

“वर्षं झाली म्हणून काय ती चालायला लागली का?”

साडूभाऊंचा घास हातातच राहिला. मला वाटलं ठसका लागला. ते हळूच म्हणाले, “सर, सूचनांचं टेबल. वर्षभराचीच अट मी त्यालाही लावली.”

मला काही कळलं नाही. त्यांनी उठता उठता सांगितलं. कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, हे डॉक्टर सूचनांच्या टेबलात एकदाच लिहून ठेवतात. ते जुनं झालं तरी खरंच असतं. पण वर्षाआधीच्या सगळ्या सूचना मागं राहिल्या होत्या. आकडे जुळले, कारण मोजतानाही तीच अट लावलेली. कागदी फाइली अजून हिंगोलीतच होत्या. पुसेगावच्या पडद्यावर काहीच दिसणार नव्हतं, आणि काही दिसत नाही म्हणजे काही धोका नाही असंच तिथली नर्स समजणार होती.

त्यांनी पुसेगावला फोन लावला. कुणी उचलेना. तिथं लाउडस्पीकर चालू असणार. मग हिंगोलीच्या ड्यूटीवरच्या नर्सबाईंना लावला आणि सेनगावच्या पेशंटच्या जुन्या सूचना काढून फोटो पाठवायला सांगितलं. चपला घालताना त्यांना डावी-उजवी कळेना. मागं बसल्यावर हा माणूस मला एरवी बैलगाडीच्या वेगानं चालवायला लावतो. त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात घट्ट रोवून म्हणाले, “जोरात चला, सर.” थोड्या वेळानं पुन्हा, “याच्याहून जोरात न्हाई जात का?” खड्डा आला तरी त्यांनी वेग कमी करायला सांगितलं नाही. मलाही आता भीती वाटू लागली होती. निम्म्या वाटेत फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी बोलले, “साखऱ्याच्या केवळाबाई. रक्त गोठू नये म्हणून मशीन लावताना हेपारिन देतात, ते त्यांना चालत न्हाई. मागं एकदा दिलं होतं तर जीव जाता जाता राहिला. आणि आज पहिला मान त्यांचाच आहे, वयानं मोठ्या म्हणून.”

पुसेगावात मांडव होता, खुर्च्यांवर पाहुणे होते. फीत कापून झालेली होती आणि मोठे डॉक्टर पाहुण्यांना मशीन दाखवायला आत नेत होते. मोठ्या डॉक्टरांपुढं साडूभाऊंचा आवाज कधी फुटलेला मी ऐकला नव्हता. दार उघडायच्या आधी ते तीनदा टकटक करणारे. त्या दिवशी ते चपलांसकट, पाहुण्यांच्या मधून वाट काढत आत शिरले. केवळाबाई खुर्चीत आडव्या होत्या, हाताला सुई टोचून झालेली, आणि नर्सच्या हातात औषधाची सिरिंज भरलेली.

“सिस्टर, थांबा. ते देऊ नका.”

“पडद्यावर तर काहीच लिहिलेलं नाही,” नर्स म्हणाली.

“काय चाललंय?” डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. “पाहुणे उभे आहेत.”

“राहू द्या, साहेब. माझं काम अर्धवट आहे. मला पुरं करू द्या, तोवर कुणालाच मशीन लावू नका.” आणि त्यांनी हिंगोलीहून आलेला फोटो डॉक्टरांच्या पुढं धरला. डॉक्टरांनी फोन हातात घेऊन वाचलं. वाचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला. नर्सच्या हातातली सिरिंज त्यांनी स्वतः घेऊन बाजूला ठेवली. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले, “थोडा वेळ लागेल. चहा घेऊ या.”

केवळाबाईंना मी विचारलं, “मावशी, तुम्ही काहून सांगितलं न्हाई?”

“समदं कंप्युटरात हाय म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. “म्या म्हनलं, त्याला ठावं आसंल.”

साडूभाऊंनी तिथल्या संगणकापुढं बसून हिंगोलीच्या सर्व्हरला जोड लावली आणि सूचनांचं ते टेबल वर्षाची अट न लावता सगळंच्या सगळं आणलं. पाहुण्यांचा चहा गाळून होईपर्यंत ते येऊनसुद्धा गेलं. “एवढंसं टेबल, सर,” ते पडद्याकडं बघत म्हणाले. “कात्री मोठ्याला लावायची. लहानाला कशाला लावली मी?” मग एकेका पेशंटचं नाव वाचून त्यांनी नर्सला त्याच्यापुढची सूचना पडद्यावर दाखवली. केवळाबाईंच्या नावापुढं लाल अक्षरं उमटली, तेव्हा कुठं त्यांनी घाम पुसला. हेपारिन न देता, मधून मधून सलाईन सोडत मशीन सुरू झालं.

“काय झालं व्हतं, बाबा?” केवळाबाईंनी विचारलं.

“काही न्हाई, मावशी. तुमचं थोडं सामान हिंगोलीत राहिलं होतं.”

“आलं का आता?”

“आलं.”

“मंग बस जरा. तोंड बघ कसं सुकलंय तुजं.”

ते बसले. मशीन बंद होईपर्यंत बसले. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू निघाले, मी दोनदा निघू या म्हणालो. केवळाबाई त्यांना आपल्या शेळीच्या खोड्या सांगत होत्या आणि साडूभाऊ ती शेळी बांधलेली आहे का, सुटली तर कुठं जाईल, हे काळजीनं विचारत होते.

त्यानंतर दर मंगळवारी सर्व्हर बघून येतो म्हणून ते पुसेगावला जाऊ लागले. सर्व्हर हिंगोलीत बसून दिसतो हे आक्कालाही माहीत होतं. मंगळवारी केवळाबाईंचं डायलिसिस असायचं. त्या गेल्या थंडीत वारल्या, घरी, झोपेत. मशीनचा त्यात काही दोष नव्हता आणि साडूभाऊंचा तर नव्हताच. तरी त्यांनी केवळाबाईंच्या सगळ्या तपासण्या पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा बघितल्या. काही सापडलं नाही. मला वाटतं, सापडलं असतं तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

परवा मंगळवारी माझं पुसेगावच्या शाळेत काम होतं, म्हणून केंद्रात डोकावलो. त्या खुर्चीत आता एक तरुण शेतकरी होता, पहिल्यांदाच मशीनवर आलेला. नळीतून आपलंच रक्त फिरताना बघून त्याचे डोळे मोठे झाले होते. शेजारी स्टुलावर आमचे साडूभाऊ.

“घाबरू नका,” ते त्याला म्हणत होते.

पोरानं त्यांच्याकडं नीट बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. “तुमाला न्हाई का भीती वाटत?”

“वाटते ना,” साडूभाऊ म्हणाले. “म्हणून तर इथं येऊन बसलोय.”