हलका हात

स्वॅब घेताना माझा नियम साधा होता. पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तर काडी पोचलीच नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अहमदपूरच्या एका लॅबमध्ये मी रोज स्वॅब घ्यायचे आणि रोज बोलणी खायचे. एक गृहस्थ म्हणाले, बाई, मेंदू बाहेर काढता काय. मी ऐकून घ्यायचे आणि काडी आणखी थोडी फिरवायचे. या बाबतीत मी कुणाची भीड ठेवली नाही.

अप्पांची ठेवली. अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांना दोन दिवस खोकला होता आणि इस्लापूरला त्यांची थोरली बहीण दम्यानं अंथरुणाला खिळलेली होती. तिनं भेटायला बोलावलं होतं. तिची छाती इतकी कमजोर की हा आजार तिथं पोचला असता तर ती वाचली नसती. म्हणून मीच म्हणाले, टेस्ट करूनच जा.

सकाळी ते लॅबमध्ये येऊन बसले. घरात मी त्यांच्यासमोर खुर्चीवरही बसत नाही. त्यांच्या चेहऱ्याला हात लावायचा प्रसंग लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आला नव्हता. पीपीई किटमध्ये पदर कुठला असायला, पण मनातून मी तो घेतलेला होता. काडी नाकात घातली, फिरवली, काढली. पंधरा मिनिटांनी किटवर एकच रेघ आली. निगेटिव्ह. मी चिठ्ठी लिहून सही केली.

"तुझा हात लई हलका हाय, बाई," जाताना ते म्हणाले. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी कौतुक केलं होतं.

पुढच्या बाईंचा स्वॅब घेतला आणि त्या डोळे पुसायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अप्पांनी डोळे पुसलेच नव्हते. किट बिचारं खोटं बोलत नाही, आपण दिलं त्याच्यावर बोलतं. आणि मी त्याला नाकाच्या तोंडाशी काडी फिरवून दिली होती.

पीपीई किट अंगावरून ओढून काढलं आणि एसटी स्टँडवर पळत गेले. नांदेडची गाडी लागलेली होती. अप्पा खिडकीशी बसले होते, तोंडाला रुमाल, मांडीवर बहिणीसाठी बांधलेले धपाटे. मी खालूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "अप्पा, उतरा. टेस्ट चुकली."

"चिठ्ठीत तर न्हाई म्हणून लिवलंय. सही तुझीच हाय."

"मी काडी आत घातलीच नाही. तुमच्या नाकाला हात लावायची लाज वाटली मला."

गाडीत कुणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी धपाट्यांची पिशवी उचलली आणि खाली उतरले. लॅबपर्यंत ते पुढं आणि मी चार हात मागं. माझा मलाच इतका राग आला होता की बोलले असते तर रडलेच असते.

खुर्चीत बसून त्यांनी टोपी काढली आणि मान मागं टाकली. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती.

"समज, मी कुणी परका हाय," ते म्हणाले.

मी तसं समजले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि पंधरा मिनिटांनी दुसरी रेघ उमटली, फिकट, पण रेघच. या वेळी एकच आली असती तरी मी त्यांना सोडलं नसतं, लातूरला मोठ्या तपासणीला नमुना पाठवला असता. त्याची गरज पडली नाही.

ते बरे झाले आणि महिन्याभरानं इस्लापूरला जाऊन आले. आत्याबाई भेटल्या. भाऊ आधी का आला नाही, म्हणून रुसल्या होत्या. अप्पांनी माझं नाव सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा खोकला झाला. मी काही म्हणायच्या आत ते लॅबमध्ये आले, टोपी काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, हात जड ठेव. बहिणीकडं जायचंय."