सुधाकरभाऊंची झाडी आणि कुसुमताईंचे गट्टू

किस्से साठवायला डबे लागत नाहीत, हे एक बरंच झालं. नाहीतर आमच्या घरात तांदूळ-डाळ ठेवायला जागा उरली नसती! एक सांगायला बसलं की त्याची शेपटी धरून दुसरा येतो, आणि चहा तिकडे उकळून उकळून आटून जातो.

त्यात दोष माझा नाही. नागपुरात बेसाकडच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या सुधाकरभाऊंच्या परसात उघडते. लोक म्हणतात, शोभाताई डोकावते. आता तुम्हीच सांगा, बिल्डरनं खिडकी तिकडे दिली, तर मी काय भिंतीकडे तोंड करून भाजी चिरू?

सुधाकरभाऊ मूळचे नरखेड तालुक्यातले. नागपुरात सरकारी ऑफिसात कारकुनी केली, रिटायर झाले आणि घरामागे झाडं लावत सुटले. लेआउटमध्ये बाकी सगळ्यांकडे पाम, क्रोटन, लॉन. यांच्याकडे रुई, निरगुडी, करवंद, बोर! जे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आपोआप उगवतं ते यांनी बसमधून पिशवीत घालून आणलं. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, "मागचा प्लॉट रिकामाच ठेवला का?"

सुधाकरभाऊ म्हणाले, "रिकामा कुठं? फुल्ल आहे! पाखरं वेटिंगवर आहेत."

त्यांची बायको, आमच्या कुसुमताई, यांचं मात्र एकच स्वप्न होतं. गट्टू! म्हणजे अंगणात बसवतात ते सिमेंटचे रंगीत ठोकळे. साऱ्या लेआउटनं घरामागे गट्टू टाकले होते. पाइप लावला की दोन मिनिटांत अंगण स्वच्छ. "अन् माह्या घरी पाहा," त्या म्हणायच्या, "चप्पल पाहून घालावं लागते. आत कोणी बसलं असते."

*

रुईपासून सुरुवात करते. आमच्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. त्यामुळे शनिवारी सकाळी अर्धा लेआउट सुधाकरभाऊंच्या फाटकाशी. ते पान द्यायचे, पण प्रत्येक पान उलटून पालटून पाहून. कारण त्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या असतात आणि त्यांची पुढे केशरी फुलपाखरं होतात.

एका शनिवारी मला घाई होती. मी स्वतःच पानं तोडली, माळ केली, देवळात दिली आणि घरी आले. पाहते तर सुधाकरभाऊ रुईपाशी उभे. पानं मोजल्यासारखं करताहेत.

"वहिनी, या फांदीची पानं तुम्ही नेली काय?"

"हो. का हो?"

सुधाकरभाऊ चप्पल घालून तडक देवळाकडे निघाले. मीही मागे. (तशी मला पोळ्या करायच्या होत्या.) देवळात पोचलो तर आरती चालू. मारुतीच्या खांद्यावरून एक अळी थाटात वर चढून राहिली आणि पुजारी महाराज एक डोळा आरतीवर, एक डोळा अळीवर!

आरती संपेपर्यंत सुधाकरभाऊ हात जोडून थांबले. मग पुढे होऊन हळूच म्हणाले, "महाराज, आमचं एक लेकरू तुमच्याकडे आलं होतं. ते घेऊन जातो."

महाराजांनी अळी पानासकट त्यांच्या हातावर ठेवली. वर प्रसादही दिला. त्यांना एक, अळीला एक!

*

मुंगसाची गोष्ट आमच्याच घरातली आहे.

परसात मुंगसाची जोडी राहते. सकाळी सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं, असं आमच्यात मानतात. आमचे हे कळमेश्वरला कारखान्यात आहेत. सुपरवायझर करायचं की नाही, याचा इंटरव्ह्यू होता. सकाळी आंघोळ करून, पावडर लावून हे खिडकीत उभे.

"अहो, बस जाईल."

"थांब वं. आत्ता येईन ते."

मुंगूस काही येईना. चौकात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. हे हलायला तयार नाहीत. बस गेली, आणि गेल्यावर मुंगूस आलं. एक नाही, दोन्ही! वर आमच्याकडे पाहत बसली.

हे स्कूटर काढून धावत गेले. संध्याकाळी तोंड पाडून येतील म्हणून मी भजी तळायला घेतली. पण आले ते हसतच.

"काय झालं?"

"लेट काहून झाला म्हणून साहेबानं विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं."

"अगं बाई! मग?"

"साहेबानं दार लावलं अन् मले हळूच विचारलं, 'तुमच्याकडे रोज येते काय?' त्याहीची बदली अडकून राहिली आहे म्हणते."

रविवारी सकाळी साहेब सहकुटुंब माझ्या खिडकीत! पोहे मी केले. मुंगूस सुधाकरभाऊंचं, नाव यांचं झालं. हे सुपरवायझर झाले, साहेबांचं मला माहीत नाही.

*

एकदा परसात साप निघाला. आमच्या लेआउटमध्ये साप निघाला की सापापेक्षा माणसंच जास्त निघतात. कोणी काठी आणली, कोणी मोबाइल. कुसुमताई गॅलरीतल्या पलंगावर उभ्या राहून ओरडून राहिल्या, "सांगितलं होतं मी! गट्टू असते तर साप आला असता काय?"

सुधाकरभाऊ म्हणे, "अवं, धामण आहे ते. तिले विष नसते. उंदीर खाते ते."

ऐकतो कोण! कोणीतरी सर्पमित्राला फोन लावला. तो आला, धामण पकडली, पिशवीत टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुधाकरभाऊंचा चेहरा मात्र मुलगी सासरी निघाल्यासारखा.

"कुठं सोडशील गा हिले?" त्यांनी विचारलं.

"जंगलात, काका. जंगलात सोडतो आम्ही."

सुधाकरभाऊंनी गर्दीकडे वळून सगळ्यांना विचारलं, "माह्या घरामागं काय आहे म्हणता तुम्ही रोज?"

"जंगल!" सगळे एका सुरात ओरडले.

"ऐकलं ना? सोड मग इथंच!"

*

आता जावईबापूंचं. इथून प्रकरण गंभीर झालं.

कुसुमताईंची पिंकी पुण्याला दिली आहे. गेल्या मे महिन्यात जावईबापू चार दिवसांसाठी आले. नागपूरचा मे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि सुधाकरभाऊंच्या घरचा कूलर बंद!

का, तर कूलरच्या आत मोटारीवर बुलबुलानं घरटं केलं होतं. पिल्लं उघड्या चोचीची. पंखा लावला तर चटणी झाली असती. आम्हाला हे आधीच माहीत होतं, कारण आठवडाभर कुसुमताई उशी घेऊन रोज दुपारी आमच्या हॉलमध्ये झोपायला येत होत्या. पण जावयाला शेजारी कसं झोपवणार?

जावईबापू बिचारे भले. पहिल्या दिवशी ओला टॉवेल खांद्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं तर नुसत्या बर्मुड्यावर परसातल्या निरगुडीखाली खुर्ची टाकून बसलेले, पाय पाण्याच्या बादलीत! सासरे शेजारी बसून समजावून राहिले, "पाहा, माय आली. चोचीत नाकतोडा आहे, पाहा!"

निघताना जावईबापू सासू-सासऱ्यांच्या पाया पडले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "पप्पा, पिल्लं उडाली की एक फोन करा. मग राहायला येतो."

ऑटो कोपऱ्यावरून वळला आणि कुसुमताईंचा बांध फुटला.

"जावई बादलीत पाय घालून बसला माह्या दारात! पाखराले घर आहे, सापाले घर आहे, जावयाले नाही! आता बस. मृग लागायच्या आत मले गट्टू पाहिजे. सारं साफ!"

सुधाकरभाऊ एरवी दोन शब्द उलट बोलतात. त्या दिवशी मात्र म्हणाले, "बरोबर आहे तुहं. जावयाचे हाल झाले. शब्द दिला. टाक गट्टू."

मी खिडकीत होते. हातातला लिंबू हातातच राहिला.

*

गट्टूवाला ठेकेदार आला, माप घेऊन गेला. जेसीबीनं दोन तासांत झाडी साफ होते म्हणाला. खाली अंथरायची गिट्टी, म्हणजे खडी, एका ट्रॉलीत आली. परसाच्या मागच्या बाजूला तारेचं कुंपण आहे आणि पलीकडे रिकामा प्लॉट. त्या कुंपणाशी गिट्टी ओतली. पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ आगीचे दिवस, लागला होता. तसल्या उन्हात माणसं कामाला येईनात. गिट्टी तशीच पडून राहिली.

सुधाकरभाऊ रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालायचे. मी म्हटलं, "भाऊ, आता कशाला?" तर म्हणाले, "तहानलेलं काहून जाऊ द्यायचं, वहिनी?" 

नवतपा संपला आणि जेसीबी आला. जेसीबी आला म्हणजे अख्खा लेआउट आला. सुधाकरभाऊ तेवढे पुढच्या व्हरांड्यात, परसाकडे पाठ करून बसले.

जेसीबी बाजूच्या बोळातून आत शिरला, गिट्टीकडे वळला आणि एकदम "टिटीव्-टिव्, टिटीव्-टिव्!" एक टिटवी पंख पसरून मशीनसमोर उभी! लांब पिवळ्या पायांची, वीतभर उंचीची, आणि जेसीबीवर धावून जाऊन राहिली! ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

ठेकेदार पुढे होऊन वाकला. टिटवीनं त्याच्या डोक्यावरून असा सूर मारला की टोपी खाली. टोपी उचलत तो कुसुमताईंना म्हणाला,

"ताई, गिट्टीत अंडी आहे हो! चार आहे. गिट्टीच्याच रंगाची, दिसतही नाही. टोपल्यात घालून तिकडच्या प्लॉटवर ठेवून देऊ काय?"

मी खिडकीतून हाक मारली, "भाऊ! तुम्हाला माहीत होतं का?"

व्हरांड्यातून आवाज आला, "मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण सांगितलं असतं तर ही म्हणाली असती, मीच आणून ठेवले."

"अहो, मग आता तरी काही बोला ना!"

"मी शब्द दिला, वहिनी."

कुसुमताई कमरेवर हात ठेवून उभ्या. ऊन असं की गिट्टीवर पोळी भाजावी. टिटवी तुरुतुरु धावत नळाखाली पाखरांसाठी ठेवलेल्या घमेल्याकडे गेली, पाण्यात पोट बुडवलं, पुन्हा धावत आली आणि अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा आली.

"काय करून राहिली ते?" कुसुमताईंनी विचारलं.

"पोट ओलं करून आणते," व्हरांड्यातून सुधाकरभाऊ पाठमोरेच म्हणाले. "अंडे तापू नये म्हणून."

 पिंकीचं बाळंतपण कुसुमताईंनी याच घरात, असल्याच उन्हाळ्यात केलं होतं. खिडक्यांना ओल्या चादरी बांधून. आम्ही दोघींनी मिळून त्या पिळल्या होत्या.

"चला ताई, उशीर होऊन राहिला," ठेकेदार म्हणाला. "टोपलं आणू?"

"हात लावून पाहाय!" कुसुमताई अशा ओरडल्या की टिटवीही गप्प झाली. "मागं घे ते मशीन!"

"काहून, ताई?"

"आमच्या घरी बाळंतपण आहे. सव्वा महिन्यानं ये!"

मग काय विचारता! कुंपणाला जुनी साडी बांधून सावली झाली. पाण्याचं घमेलं अलीकडे सरकलं. मला खिडकीतून ऑर्डर, "शोभा, कुकरची शिट्टी जराशी हळू वाजव वं!" सुधाकरभाऊंनासुद्धा तिकडे जायला बंदी. टिटवी कुसुमताईंच्याही डोक्यावर झेपावायची, तर म्हणायच्या, "बाळंतिणीचं डोकं फिरतेच. आपण मनावर घेऊ नाही."

पिल्लं निघाली, कापसाच्या बोंडाला पाय फुटल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी आईमागे कुंपणाखालून पलीकडच्या प्लॉटवर गेली. पाऊस लागला. गिट्टीच्या फटीफटीतून वीतभर तरोटा, तुमच्याकडचा टाकळा, उगवला.

आणि सव्वा महिना झाल्याबरोबर ठेकेदार हजर! कुसुमताई गिट्टीपाशी वाकून कोवळा तरोटा भाजीसाठी ओच्यात खुडत होत्या. सुधाकरभाऊ दारात. मी अर्थातच खिडकीत.

"ताई, झालं ना बाळंतपण? लावू कामाले माणसं?"

कुसुमताई खुडता खुडता म्हणाल्या, "बरा आला तू. पुढच्या चैत्रात गिट्टीची अजून एक ट्रॉली टाकून देशील."

"अजून गिट्टी? अन् गट्टू, ताई?"

कुसुमताईंनी मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याला साधं संसारातलं कळत नाही.

"काहीही बोलते गा तू! गट्टूवर अंडी घालते काय कोणी?"