जोडपत्र: रुग्ण, एक

आमच्या डॉक्टर संघटनेचे कारकून म्हणजे जावककाका. बाहेर जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक टाकल्याशिवाय ते पाकिटाला डिंक लावत नसत, म्हणून हे नाव. संघटनेची खोली औषधाच्या दुकानावर. सात डॉक्टर सभेला बसले की आठवी खुर्ची मावत नाही, म्हणून काका एकतीस वर्षं कपाटाला टेकून उभ्यानेच इतिवृत्त लिहीत आले. आम्हा सातही जणांचं अक्षर वाचता येणारा हा एकच माणूस. आम्हाला आमचंही लागत नाही.

मग आरोग्यसेवेची फेररचना आली. छोटी डायलिसिस केंद्रं बंद करून सगळे रुग्ण मोठ्या रुग्णालयात न्यायचे ठरलं. तिथे जायला बसने चार तास. कागदावर ते फार सुटसुटीत दिसत होतं. आमच्या केंद्रात एक दिवसाआड येणारे बावीस रुग्ण होते, त्यातल्या एक काकांच्या वहिनी. आई गेल्यावर त्यांनीच काकांना लहानाचं मोठं केलं होतं. हा प्रवास त्यांना झेपणार नाही, हे आम्हाला डॉक्टर म्हणून कळत होतं आणि काकांना दीर म्हणून.

आम्ही आरोग्य कार्यालयाला पत्रं लिहिली. चौदा. प्रत्येक मसुद्यातून सातजण आपापल्या परीने एकेक कडक शब्द काढत, त्यामुळे शेवटी 'सविनय' तेवढं उरे. उत्तर ठरलेलं: आपले पत्र जोडपत्रांसह मिळाले. जोडपत्रं म्हणजे आमचे तक्ते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एकतीस वर्षांत काकांनी कुठल्या पत्रात स्वतःचा शब्द घातला नव्हता. पंधरावं पत्र त्यांनी सहीला ठेवलं, तेव्हा तळाशी टंकलेलं होतं: 'जोडपत्र: रुग्ण, एक.' अध्यक्षबाईंनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

"जोडलेलं परत आणायची जबाबदारी तुमची," एवढंच त्या म्हणाल्या. मला आमच्या चौदा पत्रांची लाज वाटली.

आरोग्य कार्यालयात आवक टेबलावरच्या कारकुनाने जोडपत्र मागितलं. काकांनी वहिनींना पुढे केलं. असं चालत नाही, म्हणाला. काकांनी त्याला त्याच्याच भिंतीवरचा नियम दाखवला: जोडपत्र मूळ पत्रापासून वेगळे करू नये. कारकुनाला नियम मोडवेना. त्याने शिक्का मारला, अर्थात पत्रावर, आणि पत्र व वहिनी दोन्ही साहेबांकडे रवाना केली. काका बाहेर बाकावर.

साहेबांनी वहिनींना काय काम आहे ते विचारलं.

"काम काही नाही, साहेब. मला पुढच्या महिन्यात एक तारखेला मोठ्या रुग्णालयात जायचंय. मग पुन्हा त्याच्या परवा. कुठल्या बसने येऊ-जाऊ, तेवढं सांगा."

साहेबांनी बसचं वेळापत्रक मागवलं. सकाळची पहिली बस दहाला पोचत होती. यंत्रावरून सुटका दोनच्या पुढे. परतीची शेवटची बस दीडला. इतक्या महिन्यांत हे कोणी पाहिलंच नव्हतं, तक्ते काढणाऱ्या आम्हीसुद्धा. साहेबांनी ते वेळापत्रक आमच्या पत्राला टाचलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'केंद्र पुढील आदेशापर्यंत सुरू ठेवावे. जोडपत्र त्याच दिवशी परत केले आहे.'

काकांनी नोंदवही उघडली आणि पंधराव्या पत्रापुढे 'जोडपत्र सुखरूप परत' असं पुटपुटत लिहिलं. लिहिताना ते रडत होते, लपवत नव्हते. मी वाकून पाहिलं, तर ती ओळ मला लागेना. काकांचं अक्षर त्या दिवशी अगदी आमच्यासारखं आलं होतं.