अर्थिंगच्या खड्ड्यातलं पानी

आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पानी येतं. ड्रम, हांडे, पातेली सुदिक भरून ठेवायची. लहानपनी गंगापूरकडं मी विहिरीत उतरून वाटीवाटीनं हांडा भरलेला हाय. तवापास्नं पानी भुईवर सांडलं की मी फडक्यानं टिपून बादलीत पिळते.

पोरानं इथं घर बांधलं तवा वायरमननं अंगनात खड्डा खांदला. मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली, पानी वतायला एक पाइप वर काढला. मला म्हनला, "आजी, ही अर्थिंग. कूलर-बिलरमधी करंट उतरला तर इथून जमिनीत जातो. पन जमीन ओली पायजे. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या टाकत जा."

म्या म्हनलं, "व्हय."

मनात म्हनलं, प्यायला पुरंना आन् ह्याच्या भोकात वतू का?

दर साली उन्हाळ्याच्या तोंडी त्यो बटनं, पंखे बघायला यायचा. "आजी, पानी चालू हाय ना?" "चालू हाय की." माझ्या शब्दावर त्यो पुढं जायचा. इतकी वर्सं काई झालं नाय, मंग मला वाटलं माझंच खरं.

औंदा वैशाखात दुपारी सून कूलरमधी पानी टाकायला गेली. पत्र्याचा कूलर, चालूच व्हता. मी दारात चिंचा फोडत बसले व्हते. ती कूलरला हात लावून उभीच.

"अगं ए, किती वारा खाती? आमाला बी ठेव जरा."

ती बोलली नाय. एरवी उलटं उत्तर दिल्याबिगर ऱ्हायची नाय. म्या मान वर केली. बादली आडवी पडलेली, पानी फरशीवरून माझ्याकडं वाहत येत व्हतं. आन् मी आधी ते पानीच पाह्यलं. मंग तिचं तोंड पाह्यलं. डोळे उघडे, दात घट्ट, अंग थरथर कापतंय. आवाज नाय.

बटन दारापाशीच व्हतं. दाबलं. ती लाकडावानी आडवी झाली. श्वास हाय का नाय, मला समजंना.

शेजाऱ्याच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेली. वाचली. तळहात भाजला, दोन बोटं अजून वाकत नायत. माझा नवरा गेला तवा तेरावा झाल्यावर मी खडी फोडायला गेले व्हते. ह्या टायमाला तीन दिवस घास उतरला नाय.

वायरमनला बोलवलं. पोरगं त्याला सांगाया लागलं, "हिला कितीदा म्हनलो, कूलर बंद करून पानी टाक. ऐकतच नाय." सून हाताला पट्टी बांधून दारात उभी.

वायरमननं बल्बची एक वायर बोर्डात घातली, एक अर्थिंगला लावली. बल्ब पेटला न पेटल्यावानी. म्हनला, "अर्थिंग चांगली असती तर लख्ख पेटला असता." त्यानं खड्ड्यावरची फरशी सरकवली. आत नुसती धूळ.

"आजी, शेवटचं पानी कधी टाकलं?"

पोराला वाटलं, हे बी तिचंच काम. त्यो तिच्याकडं बघाया लागला. मी गप ऱ्हायले असते तर तिच्यावरच गेलं असतं.

"कवाच नाय," म्या म्हनलं. "तिला बोलू नको. मला सांगितलं व्हतं, मी व्हय म्हनले व्हते. माझ्या हातचा एक थेंब त्यात गेला नाय."

वायरमन खाली बघत म्हनला, "आना पानी."

ड्रममधून मीच बादली भरली. पहिली खड्ड्यानं कुठं गिळली कळलं नाय. दुसरी बी तशीच. तिसरी वतली, जरा मुरू दिली, त्यानं परत वायर लावली. बल्ब लख्ख पेटला. दुपारच्या उन्हात बी दिसला.

सून बल्बाकडं बघत म्हनली, "आत्या, एवढंच व्हतं?"

मी चौथी बादली भरायला गेले.