धोंड्याचा महिना कुणाचा

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या धारूरला ठाऊक हाय. माझी थोरली जाऊ, शिवकन्या अक्का, तिला तो येतच न्हाई, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. काहीही सांगा, तिचं उत्तर एकच, "बरं." या एका शब्दावर बाईनं तीस वर्सं संसार रेटला.

तर ही अक्का, वय बावन्न, अंबाजोगाईच्या पुढं आयुष्यात एकदाच पुण्याला गेलती, ती माल्टाला निघाली. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं बेट. नकाशात बोट ठेवलं की बोटाखालीच झाकून जातं. अक्काची लेक दिपाली तिथं वृद्धाश्रमात नर्स हाय. लेक तिकडं परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊखाऊ घालती, आई इथं सासूला.

आमच्या सासूबाई, केशरबाई. आमी त्यांना आत्याबाई म्हणतो. अकरा वर्सांमागं मोरीत घसरून पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून बाजेवर. जीभ मात्र जागच्या जागी शाबूत. दोन भाऊ, समोरासमोर दोन घरं, म्हणून महिने वाटून घेतले. एक महिना अक्काचा, एक माझा. मराठी महिने. अमावस्या सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ आत्याबाईसगट बाज उचलतात आणि रस्ता ओलांडून समोरच्या घरात नेऊन ठेवतात. वीस पावलं. तेवढा वेळ गल्लीतल्या मोटारसायकली थांबतात.

दिपालीनं आषाढातच फोन केला. "आई, ऑक्टोबरात ये. ऊन उतरलेलं असतंय, समुद्राचं पाणी अजून कोमट असतंय, गर्दी न्हाई, आणि मला बी रजा हाय." अक्कानं बोटावर महिने मोजले. "श्रावण उज्ज्वलाचा, भाद्रपद माझा, अश्विन उज्ज्वलाचा." उज्ज्वला म्हणजे मी. अश्विन मोकळा म्हणून नवरात्रातल्या तिसऱ्या माळेचं विमान ठरलं, दिवाळीच्या आधी परत.

मग सुरू झाली तयारी. पासपोर्टचा फोटो तीनदा काढावा लागला, कारण अक्काचे डोळे मिटायचे. अर्ज भरणाऱ्या पोरीनं इचारलं, "मावशी, कशासाठी जायलात? फिरायला लिहू का?" अक्का लई येळ इचार करून म्हणली, "नुसतं बसायला." पोरगी हसली, मी बी हसले. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली, आल्या पावली आत्याबाईची चादर धुतली. बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली, दोन किलो जास्त भरली, तेव्हा स्वतःच्या साड्या काढल्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. दिपालीनं फोटो पाठवला, तिथल्या बाजारात निवडुंगाची लाल बोंडं ताटलीत मांडून विकत होते. अक्का म्हणली, "अगं बया, हे तर आपल्या किल्ल्याखाली शेळ्या बी खात न्हाईत." त्या दिवशी ती पोट धरून हसली. तिला तसं हसताना मी वर्सानुवर्सं बघितलं न्हवतं.

आता माझं ऐका. मी ब्लाउज शिवते. नवरात्र ते दिवाळी मला मान वर करायला सवड नसती. त्यात त्या वर्सी, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसा खरोखरचा तेरावा महिना आला. धोंड्याचा महिना, अधिक श्रावण. अक्कानं तो हिशेबातच धरला न्हवता. तो अख्खा महिना आत्याबाई माझ्याकडं. तो सरला आणि खरा श्रावण लागला, तेव्हा मी म्हणलं, माझा एक महिना झाला, आता तुमची पाळी. बाज उचलायला लावली. अक्का दारात झाडू घेऊन उभी होती. म्हणली, "बरं."

झालं. तिथून सगळं उलटं फिरलं. श्रावण अक्काकडं, भाद्रपद माझ्याकडं, आणि अश्विन गेला तिच्या वाट्याला. बाज उचलली तेव्हाच मला हे कळलं न्हवतं, असं म्हणलं तर पाप लागंल. कळलं होतं. पण तीस वर्सं शिलाई मशीन आणि घर ओढून मी बी माणूसच हाय की. मी गप्प बसले.

पित्रपाटात अक्का कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. उंबऱ्यातच बसली. "उज्ज्वला, अश्विन मी तुझा धरला होता गं."

माझं डोकंच फिरलं. "आणि धोंडा कुणी केला? तो काय हवेत गेला व्हय? तुमी समुद्रावर बसा निवांत, मी इथं मान मोडून घेते. दोन महिने लागोपाठ! माझी ब्लाउजं काय माल्टाचा राजा येऊन शिवणार हाय?"

आत्याबाई आतून सगळं ऐकत होत्या. अक्कानं कॅलेंडर परत गुंडाळलं, त्याला रबर लावलं, म्हणली, "बरं," आणि गेली. भांडली असती तर मला रात्री झोप लागली असती.

सर्वपित्रीच्या सकाळी माझे हात वड्याच्या पिठात असताना फोन वाजला. दिपाली. रडत होती. "काकू, आजी लई सिरियस हाय का? आई म्हणली, आता येणं होत न्हाई."

सिरियस? आत्याबाई बाजेवर बसून पत्र्यावरच्या कावळ्याला शिव्या घालायल्या होत्या, "ये की रे मुडद्या, किती भाव खातूस!" मी भडकले. जित्या बाईला मरायला टेकवलं? आणि मला इचारलं सुदिक न्हाई? दिपालीला म्हणलं, "तू मला आधीच फोन कावून न्हाई केलास?"

"आईनं शपथ घातली होती. काकूला काही इचारू नको म्हणली. उज्ज्वला आधीच लई थकलीय म्हणली."

माझे हात पिठातच राहिले. तेल तापून धूर निघायला लागला.

"तुझी आजी ठणठणीत हाय," मी म्हणलं. "तुझी आई येतेय. तिकीट मोडू नको."

तशाच पिठाच्या हातानं समोर गेले. अक्कानं बाजेची जागा झाडूनपुसून ठेवली होती. बॅग रिकामी करून पलंगाखाली सरकवलेली. चटणी परत बरणीत.

"बॅग भरा," मी म्हणलं.

"आणि तुझी ब्लाउजं?"

"लोक जुनी घालतील. मरत न्हाईत."

"मी भांडायला न्हवते आले गं त्या दिवशी."

"तेच तर! भांडायचं की! तोंड दिलंय ना देवानं?"

ती मटकन खाली बसली आणि पदर डोळ्याला लावला. मी बी बसले. समोरून तेल जळाल्याचा वास आला तेव्हा दोघी उठलो.

दुसऱ्या दिवशी घट बसले. दोघं भाऊ बाज उचलायला आले. मी बाजेच्या खुरावर पाय ठेवला. "हात लावायचा न्हाई. धोंडा कुणाचाच न्हवता. अश्विन माझा."

अक्का गेली. चार दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. पडद्यावर ती पांघरुणात होती, केस विस्कटलेले.

"समुद्र बघितला का?" मी इचारलं.

"न्हाई गं अजून. खिडकीतून दिसतो म्हणती दिपाली. मी आल्यापासून झोपलेच हाय."

"एवढ्या लांब झोपायला गेलता व्हय?"

ती हसली. "झोपते, पण रातच्याला तीनदा आपोआप जाग येती बघ. उठून बसते, मग ध्यानात येतं, इथं आत्याबाई न्हाईत."

"आत्याबाईचं काय?"

"त्यांची कूस बदलायची असती ना," ती म्हणली, जशी काही ही गोष्ट मला बी ठाऊकच हाय.

फोन ठेवला. आत्याबाईला कुशीवर वळवून पाठीवरचं लुगडं सरकवलं. माकडहाडाजवळ लाल चट्टा होता. माझ्या महिन्यात तो दरवेळी उठायचा. मी समजायचे, उष्णतेचा हाय. पावडर लावायचे. अक्काच्या महिन्यात तो जायचा, आणि मला वाटायचं, हवापालटानं गेला.

मी लुगडं खाली ओढलं. "आत्याबाई, अकरा वर्सात तुमी मला एकदा तरी म्हणायचं की, रातीला उठून कूस बदल म्हणून."

आत्याबाईनं दारातून समोरच्या, अक्काच्या घराकडं बघितलं.

"तिला तरी कुटं म्हणलं होतं?"